पेट्रोलचा रुपया जातो कुठं, विजेचा राहतो कुठं? (पुण्यापुरतं बोलू)

जमाखर्च | शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नको यावर इथं आधीच डझनभर धागे आहेत. रेंज किती, पावसात चालते का, कात्रजच्या चढाला दमते का, हे सगळं कृपया तिकडे. माझी शंका पैशाची आहे.

मी हिशेबनीस. धायरीहून हडपसरला रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर. २०२२ च्या दसऱ्याला पेट्रोलची स्कूटर विकली आणि विजेची घेतली. वहीत लिहायची सवय असल्यामुळे जुनीचं पेट्रोल आणि नवीची वीज दोन्ही लिहिलेलं आहे. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९,००० किलोमीटर होतात. जुनी गाडी गर्दीत ४५ चं ॲव्हरेज द्यायची, म्हणजे वर्षाला २०० लिटर. १०४ च्या भावानं २०,८०० रुपये. नवी गाडी चार्जरमध्ये वाया जाते ती वीज धरून ३१० युनिट खाते (सॉकेटला छोटा मीटर लावलाय, नवरा हसतो, हसू दे). युनिट १२ रुपयांना पडलं तरी ३,७२०. हातात उरले १७,०८०.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. पण ते २०,८०० मी पंपावर मोजत होते तेव्हा पुढे कुणाच्या खिशात जात होते? लिटरमागे फोड साधारण अशी. पंपवाल्याचं कमिशन ४ रुपये. केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर २१ रुपये ९० पैसे. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे, मिळून पंचवीसेक. उरलेले ५३ तेलाचे, आणि कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

म्हणजे माझ्या एकटीच्या गाडीपायी वर्षाला १०,६०० तेलाला, ५,००० राज्याला, ४,३८० केंद्राला आणि ८०० पंपवाल्याला. आता उरलेले १७ हजार मी कुठं घालवते तेही वहीत आहे. लेकीचा तबल्याचा क्लास, आईच्या गुडघ्याची फिजिओथेरपी, महिन्यातून दोनदा बाहेरचं जेवण. सगळं वडगाव ते धायरी फाट्याच्या आत.

माझं वाचलं ते ठीक. पण पुण्याचं काय? जिल्ह्याला, राज्याला यात मिळतं की जातं?

नुसताच_वाचक | शनिवार, सकाळी ९.५२

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेकडीवरचा | शनिवार, सकाळी १०.३०

धागा आवडला. आता चिमटे.

पहिला. गाडी महाग घेतलीत, तो फरक वहीत कुठल्या पानावर आहे?

दुसरा. ५३ रुपये सगळेच देशाबाहेर जात नाहीत. पिंप १५९ लिटरचं असतं. ६५ डॉलरचं पिंप आणि डॉलर ९० रुपयांना धरला तर कच्चं तेल लिटरला ३७ रुपयांना पडतं. वरचे १६ म्हणजे शुद्धीकरण, वाहतूक आणि तेल कंपन्यांचा नफा. आणि आपल्याला जवळची रिफायनरी कुठं आहे? माहुलला. तिथले पगार मुंबईतच खर्च होतात.

तिसरा जरा जोरात. राज्याच्या तिजोरीतून तुमचे ५,००० गेले. बदल्यात विजेवर १६ टक्के वीज शुल्क मिळालं, तुमच्या बिलात ते पाचशेच्या आसपास येईल. म्हणजे एका स्कूटरमागे वर्षाला साडेचार हजारांचा खड्डा. शिवाय मोटार वाहन कर माफ. रस्ते मात्र तुमची गाडी तेच वापरते, आणि सिंहगड रस्त्यावरचे खड्डे काही विजेच्या गाड्यांना वळसा घालून पडत नाहीत.

जमाखर्च | शनिवार, सकाळी ११.१५

पहिला चिमटा: फरक २६ हजार होता, तेव्हाची सबसिडी धरून. दीड वर्षात फिटला. आज घेतली असती तर सबसिडी बरीच कमी. केंद्रानं ती जून २०२३ मध्ये कापली तेव्हा शोरूमवाल्याचा चेहरा मी पाहिलाय.

दुसरा मान्य. वहीत ३७ केले. म्हणजे देशाबाहेर ७,४०० जात होते.

तिसरा लागला. वाटलं होतं की मी १७ हजार खर्च केले की त्यावरचा जीएसटी राज्याला मिळेल. मग माझीच यादी पाहिली. तबल्याचे गुरुजी जीएसटी लावत नाहीत, फिजिओथेरपीवर तो नाहीच, आणि जेवणावर ५ टक्के. तिजोरीला माझ्याकडून चणे-फुटाणे.

पण मग उलटं विचारते. सरकारला पाच हजार मिळालेले बरे की गुरुजींना आठ हजार?

अर्धाकप | शनिवार, सकाळी ११.२१

गुरुजींना. ते निदान ताल तरी चुकू देत नाहीत.

टेकडीवरचा | शनिवार, दुपारी १२.०५

:) पण प्रश्न गंभीर आहे. व्हॅट हा राज्याच्या हातातल्या थोड्या करांपैकी एक. पेट्रोल जीएसटीत नाही ते त्यासाठीच. आणि केंद्राकडून परत मिळेल म्हणावं तर २१.९० पैकी राज्यांमध्ये वाटून देण्याजोगं मूळ शुल्क दीड रुपयाच्याही आत आहे. बाकी उपकर आणि अधिभार, ते दिल्लीचेच.

लोणीकर | शनिवार, दुपारी २.४०

इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईकडून माल पाइपानं येतो आणि इथून टँकर भरून जिल्हाभर जातो. माझे दाजी टँकरवर ड्रायव्हर. पहाटे चारला नंबर लावायचा, माल भरला की डिपरॉड घालून उंची बघायची, कुलूप, सील, चलन, आणि मग वाट धरायची. पंपावर पोचलं की मॅनेजर पुन्हा डिप मारणार. दोन सुतांचा फरक पडला तर दाजींच्या पगारातून.

ताईंच्या फोडीत तेलाचे ५३ एका ओळीत आले, त्या ओळीत आमचं गाव बसतं. टँकरमागं ड्रायव्हर, क्लीनर, टायर रिमोल्डवाला, हवा-पंक्चर, खानावळ. आमच्या वहिनी डबे देतात, ३० डबे रोज, निम्म्याहून जास्त टँकरवाले.

आत्ता फेऱ्या कमी झाल्यात का म्हणाल तर नाही. गाड्याच इतक्या वाढल्यात की कमी कुठलं. पण दाजी पोराला म्हणतात, तू टँकरच्या लायसन्सच्या मागं लागू नकोस.

जमाखर्च | शनिवार, दुपारी ३.१०

लोणीकर, उलट असंच लिहा. ५३ ची ओळ मी अजून फोडते. तीस डब्यांची नोंद माझ्या वहीत नव्हती.

सचिव_बी_विंग | शनिवार, संध्याकाळी ६.२०

हिशेब पुण्याचा चाललाय तर सोसायटीपासून सुरू करू.

आमच्याकडे ८४ फ्लॅट, विजेच्या १९ गाड्या. पहिली आली तेव्हा त्या गृहस्थांनी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली होती. विशेष सर्वसाधारण सभा, दोन तास, एक राजीनामा (माझा, नंतर मागे घेतला). आता मीटर खोलीपासून पार्किंगपर्यंत वेगळी केबल, प्रत्येकाला सब-मीटर आणि महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन. काम नऱ्ह्याच्या इलेक्ट्रिशियननं केलं. त्याच्याकडे दोन पोरं होती, आता सहा आहेत आणि तारीख मिळत नाही. पंपाचं कमिशन गेलं म्हणता, ते इथं आलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. "गाडी लावली की सगळं बिल वरच्या स्लॅबात जातं" असं आमचे खजिनदारही सांगत फिरतात. तसं नसतं. पहिली १०० युनिटं पहिल्याच दरानं, वरच्यांनाच वरचा दर. ताईंचा १२ रुपयांचा अंदाज वरच्या युनिटांना बरोबर आहे. वेगळं कनेक्शन घेतलं तर आणखी खाली येतो.

पार्किंगात पाटी लावली आहे: "गाडी रात्रभर जेवत नाही. पोट भरले की वायर काढावी. आपणही तसेच करतो."

अर्धाकप | शनिवार, संध्याकाळी ६.४४

पाटीला दंडवत.

अवांतर नाही, मुद्द्याचंच: आमच्या घराखाली गॅरेज आहे, नाना पेठेतून पार्ट आणणारा जुना मिस्त्री. ऑइल, प्लग, क्लच केबल, कार्ब्युरेटर साफ करणं, हीच त्याची रोजची मीठ-भाकर. विजेच्या गाडीचं त्याच्याकडे येतं काय? ब्रेक शू, टायर, आरसा. बाकी काही झालं की स्क्रीनवर दिवा लागतो आणि गाडी कंपनीच्या सेंटरला. तिथं लॅपटॉप लावल्याशिवाय काही उघडत नाही. तो म्हणतो, "पूर्वी गाडी आजारी पडली की माझ्याकडं यायची, आता थेट हॉस्पिटलात. आम्ही फक्त मलमपट्टी."

मंडईकर | शनिवार, रात्री ९.३०

सगळे स्कूटरवर बोलताय. रोज ८० किलोमीटर चालणाऱ्याला विचारा.

माझा मार्केट यार्डातून भाजीचा तीनचाकी. आधी सीएनजी, दोन वर्षं झाली विजेवर. म्हणून पेट्रोलशी तुलना मला लागूच नाही, पुण्यात रिक्षा-टेम्पोवाल्याची तुलना सीएनजीशी. किलोला नव्वदीच्या घरात, दिवसाला पावणेतीन किलो, म्हणजे अडीचशे. आणि रांग. रांगेतला अर्धा-पाऊण तास कुणी बिलात लावत नाही. आता रात्री गोदामात लावतो, सकाळी गाडी भरलेली, शंभर-सव्वाशेत दिवस निघतो. रांगेचा वेळ वाचला त्यात कोंढव्याची एक फेरी जादा बसते. खरी कमाई त्या फेरीची आहे.

आता वाईट सांगतो. बँकेनं उभं केलं नाही. बॅटरी म्हातारी झाली की गाडीला किंमत काय, हे त्यांनाच माहीत नाही, म्हणून कर्ज नाही. शेवटी फायनान्सवाल्यानं दिलं, २२ टक्क्यानं. हेड ऑफिस परराज्यात. इंधनाचे वाचले त्यातले निम्मे हप्त्यात. इंधनाचा रुपया बाहेर जायचा थांबला आणि व्याजाचा रुपया गाडी बदलून निघाला.

जमाखर्च | शनिवार, रात्री ९.५५

मंडईकर, हे मी विसरलेच होते. मी गाडी रोखीनं घेतली म्हणून माझा हिशेब इतका गोड दिसतो.

इरईकाठचा | शनिवार, रात्री ११.१२

हिंजवडीत नोकरी, घर चंद्रपूरला. तेव्हा दोन्हीकडून बोलतो.

"विजेचा रुपया राज्यात राहतो" हे खरं आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची आणि तो कोळसा बराचसा आमच्या विदर्भातला. आमचं एकटं चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं. खाणीत पगार, केंद्रात पगार, ट्रक, रेल्वे, वर कोळशाच्या किमतीवर १४ टक्के रॉयल्टी राज्याला आणि तिच्याशिवाय जिल्हा खनिज निधी. म्हणजे जमाखर्चताईंच्या ३,७२० पैकी काही रुपये खरंच आमच्या चौकापर्यंत येत असतील.

पण धूरही येतो ना. माझी आई संध्याकाळी दोरीवरचे कपडे आधी झटकते आणि मग घडी घालते. पांढरी साडी गच्चीवर वाळत घालायचं तिनं केव्हाच सोडलं. तुमच्या स्वारगेटचा धूर कमी झाला की तुमचा दवाखान्याचा खर्च कमी, तो पुण्याच्या फायद्यात मांडाल. आमच्या गच्चीवरची राख कुणाच्या खात्यावर?

गाड्या येऊ नयेत असं नाही म्हणत. माझ्याकडंपण आहे. फक्त "प्रादेशिक" म्हणताना प्रदेश पुणे-मुंबईपुरता धरू नका.

नुसताच_वाचक | रविवार, सकाळी ७.५०

इरईकाठचा, पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. धन्यवाद.

खडकवासला_कट्टा | रविवार, सकाळी ८.३०

मग कोयनेची वीज वापरा! १,९६० मेगावॉट, राख नाही काही नाही. किंवा गच्चीवर सोलर. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० सबसिडी आहे. रुपया गच्चीतून पार्किंगात, मध्ये कुणी नाही.

सचिव_बी_विंग | रविवार, सकाळी ८.४१

८४ फ्लॅटना एकच गच्ची असते. त्यावर पाण्याच्या टाक्या, डिशच्या तबकड्या आणि जोशीकाकूंचे पापड. बंगलेवाल्यांनी सल्ले जपून द्यावेत.

कोथरूडकर_आजोबा | रविवार, सकाळी १०.२०

वय ७४, नोकरी वाहन उद्योगात गेली, आता सकाळी वेताळ टेकडी आणि दुपारी हे.

तुम्ही सगळे इंधनाचा रुपया मोजताय. पुणे इंधनावर मोठं झालं नाही, गाडी बनवण्यावर झालं. आकुर्डीत १९७२ पासून चेतक बनू लागली. माझ्या लग्नात सासरे म्हणाले होते, नंबर लावलाय, गाडी येईल तेव्हा येईल. आली तेव्हा मोठा मुलगा शाळेत जायला लागला होता. त्या एका स्कूटरनं भोसरी-चिंचवडला किती पत्र्याच्या शेड उभ्या केल्या! कुणी केबल, कुणी सीटचा फोम, कुणी नुसते वॉशर. पिंपरीचा ट्रकचा कारखाना आणि नंतरचं चाकण धरून, निम्म्या पिंपरी-चिंचवडचं घर त्या वॉशरांवर बांधलेलं आहे.

त्याच आकुर्डीत जून २०२२ मध्ये विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. महिंद्राच्या नव्या विजेच्या मोटारी चाकणला बनतात. कोथरूडला एआरएआय आहे, गाडी रस्त्यावर येण्याआधी तिच्या चाचण्या तिथं होतात. २०२२ मध्ये रस्त्यात स्कूटरी पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. त्या कडकपणावरही पुण्यात बऱ्याच इंजिनिअरांचं पोट आहे. ही जमेची बाजू.

आता दुसरी. पीएमपीच्या ताफ्यात विजेच्या बसा फेब्रुवारी २०१९ मध्ये आल्या, भेकराईनगर आणि निगडीला. देशात तेव्हा कौतुक झालं. मीही पहिल्या आठवड्यात मुद्दाम बसून आलो, ड्रायव्हरशेजारी उभा राहिलो तर इंजिनाचा हादरा नाही, चुकल्यासारखं वाटलं. उतरून मागची पाटी वाचली. बस हैदराबादच्या कंपनीची! मोटारींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यानं विजेची बस बाहेरून आणली. विजेची गाडी पुण्यात चालली म्हणून पुण्याचा फायदा होत नाही. बनली तर होतो.

आणि बनली म्हणजे काय? बॅटरीचे सेल अजून बहुतेक बाहेरूनच येतात.

टेकडीवरचा | रविवार, दुपारी १२.३०

आजोबांनी सेल काढलेच आहेत तर तेही मांडतो. जमाखर्चताईंसारख्या १ लाख स्कूटरी पुण्यात आहेत असं धरू. नुसतं धरू, मोजलेलं नाही. कच्च्या तेलाचे बाहेर जाणारे वर्षाला ७४ कोटी वाचले. स्कूटरमागे ३ युनिटांची बॅटरी, त्यातले आयात सेल २० हजारांचे धरले आणि ८ वर्षं चालले, तर वर्षाला २५ कोटी बाहेर गेले. निव्वळ ४९ कोटी इकडे. घरांमध्ये १७१ कोटी उरले. राज्याचा व्हॅट ५० कोटींनी घटला, वीज शुल्काचे पाचेक कोटी आले.

माझा सूर मी थोडा खाली आणतो. तिजोरीचे ४५ जातात, पण घराघरांत १७१ येतात. सेल इथं बनायला लागले तर ते २५ सुद्धा. फरक एवढाच की ४५ कोटी एका ठिकाणी दिसतात आणि १७१ कोटी लाखभर घरांत विरघळतात, म्हणून सरकारला तोटा आधी दिसतो.

लेथमास्तर | रविवार, रात्री १०.५०

दोन दिवस वाचतोय. आता हात धुऊन बसलो.

भोसरी एमआयडीसीत माझं वर्कशॉप. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी यंत्रं), आणि दारातच वडिलांच्या वेळचा लेथ. आठ माणसं. आजोबा म्हणाले त्या वॉशरवाल्यांपैकी माझे वडील. २०१९ पर्यंत माझं जवळजवळ सगळं काम इंजिनाचं: व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट, गिअरचे ब्लँक. विजेच्या गाडीत यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. पिस्टन नाही, रिंगा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. माझ्या गल्लीत एकजण फक्त सायलेन्सरचे ब्रॅकेट करायचा, त्याच्या शेडमध्ये आता पाण्याच्या बाटल्यांचं गोदाम आहे.

मला मोटरच्या शाफ्टचं काम मिळालं. लोकांना वाटतं शाफ्ट म्हणजे शाफ्ट. तसं नाही. रॉकर शाफ्ट तेलानं माखलेला असतो आणि इंजिनाच्या आवाजात थोडं काही खपून जातं. विजेच्या मोटरला आवाजच नाही, त्यामुळे शाफ्ट जरा डुलला तरी गिऱ्हाइकाला कुई ऐकू येते. बेअरिंग बसते त्या जागेला रनआउट (फिरताना पडणारा डोल) १० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या, आत पाहिजे. नुसत्या टर्निंगवर भागत नाही, ग्राइंडिंग लागतं. सेकंडहँड ग्राइंडर घेतला, तरी १४ लाखांचं कर्ज.

आमच्याकडे एक मामा आहेत, ३१ वर्षं त्या जुन्या लेथवर. पहिला लॉट आला तेव्हा त्यांनी शाफ्ट दोन बोटांत फिरवला, नखानं चाचपला आणि म्हणाले, "झ्याक आहे." डायल (डोल मोजायचं मापक) लावली. काटा १८ वर. मामांनी डायलकडं पाहिलं, शाफ्टकडं पाहिलं आणि चहा प्यायला गेले. त्या दिवशी परत आलेच नाहीत. आता ग्राइंडरवर आयटीआयचा पोरगा आहे, चांगला आहे. मामा पॅकिंगला आहेत. पगार तोच ठेवलाय, पण जेवायला ते आता आमच्यात बसत नाहीत.

बरं, शिकलो, जमलं. मग एप्रिल २०२५ मध्ये चीननं चुंबकांच्या निर्यातीवर अट घातली. मोटरमधली ती ताकदवान चुंबकं जवळजवळ सगळी तिकडूनच येतात. जुलैत शेड्यूल निम्म्यावर आलं. माझे शाफ्ट तयार, तेल लावून पेट्यांत भरलेले, दाराशी थप्पी. पण चुंबक नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून शाफ्ट उचलत नाहीत, उचलत नाहीत म्हणून बिल नाही. कर्जाचा हप्ता मात्र ५ तारखेला. माझ्या आयुष्यात चीनचा संबंध चायनीज भेळेपुरता होता. आता सकाळी उठून त्यांच्या व्यापार खात्यानं काय म्हटलं ते बघतो.

ताई, तुमच्या १७ हजारांना माझी ना नाही. पण गुरुजींचा क्लास आणि मामांचा लेथ एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहा.

जमाखर्च | रविवार, रात्री ११.३०

लिहिलं. खरंच लिहिलं, वही समोर आहे.

एक विचारू? तुमच्या गल्लीतल्या किती जणांनी ग्राइंडर घेतला?

लेथमास्तर | रविवार, रात्री ११.४१

माझ्या ओळखीतल्या बावीसपैकी पाच. चौघं इंजिनाचंच काम करतायत, म्हणतात आपली दहा वर्षं निघतील. निघतीलही, पेट्रोलच्या गाड्या काही उद्या बंद होत नाहीत. बाकीच्यांनी शेड भाड्यानं दिल्या. सबसिडी गाडी घेणाऱ्याला मिळाली, मोठ्या कारखान्याला सवलत मिळाली. आमच्या आठ माणसांच्या शेडला ग्राइंडरसाठी काही आहे का म्हणून एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. फॉर्ममध्ये रोजगाराचा आकडा तीन अंकी मागत होते.

टेकडीवरचा | सोमवार, सकाळी ८.१५

म्हणजे प्रश्न ४५ कोटींच्या खड्ड्याचा नाहीच. जी सवलत द्यायचीच आहे ती कुठं टाकायची, हा आहे. एक्स्प्रेसवेवर विजेच्या मोटारींना टोल माफ, एका वेळचे ३२० रुपये. ज्याच्याकडे वीस लाखांची मोटार आहे त्याला त्या ३२० चं काय? तेच पैसे ग्राइंडरच्या व्याजाला लावा. मंडईकरांचे २२ टक्के १२ वर आणा.

सचिव_बी_विंग | सोमवार, सकाळी ८.२२

माझ्याकडे वीस लाखांची नाही, तेरा लाखांची आहे आणि मला ३२० चं फार आहे.

मंडईकर | सोमवार, पहाटेची फेरी उरकून, सकाळी ९.००

टेकडीवाल्यांना अनुमोदन. बाराला मी आजच दुसरी गाडी घेतो, भाच्याला काम मिळेल.

इरईकाठचा | सोमवार, सकाळी ९.३०

आणि त्यातले थोडे राखेसाठी.

लोणीकर | सोमवार, दुपारी १.१५

दाजींना धागा वाचून दाखवला. त्यांना मामांचा किस्सा लई आवडला. विचारत होते, पॅकिंगला अजून माणूस लागतो का. चेष्टेत विचारलं. निम्मं चेष्टेत.

लेथमास्तर | गुरुवार, रात्री ९.०५

धागा वर काढतोय, माफ करा. नवीन मोटरच्या शाफ्टचं सँपल आज पास झालं. १० मायक्रॉनची अट होती, आमचं ६ आलं. मंजुरीचा कागद आल्यावर मामांनी स्वतःहून डायल मागितली, स्वतः लावली आणि काटा बघत बराच वेळ उभे राहिले.

जमाखर्च | गुरुवार, रात्री ९.१०

अभिनंदन! पेढे कधी?

लेथमास्तर | गुरुवार, रात्री ९.१२

पेमेंट ९० दिवसांनी आहे.